अरबी नावाचं एक प्रथिन

"जवळच्या नात्यात लग्न केलंत, म्हणून मुलाचे पाय गेले." स्नायूंचा आजार झालेल्या मुलांच्या आयांना हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. मुसलमान घर असेल तर बोलणारा चौकशीही करत नाही, नातं गृहीतच धरतो. (मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रात इतरही अनेक समाजांत होतं, पण ते त्या वेळी कुणाला आठवत नाही.) या वाक्यात किती तथ्य आहे हे कसं कळत गेलं, त्याचा हा इतिहास. त्यात काम केलं ते प्रयोगशाळेतल्या अँटिबॉडीने, म्हणजे प्रतिपिंडाने.

आजार जुना आहे. 1850 च्या सुमारास लंडनच्या एडवर्ड मेरिऑन यांनी आणि पुढे पॅरिसच्या दुशेन यांनी अशी मुलं पाहिली. चार-पाच वर्षांचा मुलगा जिना चढताना अडखळतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत उठतो, पोटऱ्या फुगलेल्या दिसतात पण ताकद नसते. बारा-तेराच्या आसपास चालणं थांबतं. जवळपास सगळे मुलगेच, आणि अनेकदा एकाच आईचे. नाव पडलं दुशेनचं.

कारण सापडायला सव्वाशे वर्षं गेली. बोस्टनमध्ये लुई कंकेल यांच्या गटाने 1986 मध्ये एक्स गुणसूत्रावरच्या या जनुकाचा भाग शोधला, पण जनुक ज्या प्रथिनाचा नकाशा आहे ते प्रथिन तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हणून एरिक हॉफमन, रॉबर्ट ब्राउन आणि कंकेल यांनी उलटा रस्ता धरला. जनुकाचे दोन तुकडे जिवाणूंमध्ये घालून त्यांच्याकडून प्रथिनाचे तुकडे तयार करून घेतले आणि ते प्राण्यांना टोचले. प्राण्यांच्या शरीराने परक्या तुकड्यांविरुद्ध प्रतिपिंडं बनवली. ती प्रतिपिंडं मग माणसाच्या स्नायूवर सोडली, आणि ती एका अवाढव्य प्रथिनाला जाऊन चिकटली. स्नायूतल्या एकूण प्रथिनांत त्याचा वाटा अवघा 0.002 टक्के. दुशेनच्या मुलांच्या स्नायूत मात्र ती कशालाच चिकटेनात. डिसेंबर 1987 मध्ये हे छापून आलं. प्रथिनाचं नाव ठेवलं डिस्ट्रॉफिन. जे नसल्यामुळे आजार होतो, त्याला नाव आजाराचंच! मला हे नामकरण कधी पटलं नाही.

डिस्ट्रॉफिन करतं काय? पेशीला आतून सांगाडा असतो, अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचा. डिस्ट्रॉफिन एका टोकाने हा धागा धरतं आणि दुसऱ्या टोकाने स्नायुतंतूच्या आवरणातल्या प्रथिनांचा एक गट. तंतू आकसतो, सैल होतो, दिवसभर ओढाताण चालते, आणि ही बांधणी आवरणाला सांभाळते. ती नसली की आवरण फाटत राहतं.

हेही लगेच कळलं नाही. स्नायू कुटून त्याचे भाग वेगळे करून केलेल्या पहिल्या कामावरून वाटलं की डिस्ट्रॉफिन तंतूच्या आतल्या भागात असावं. 1988 मध्ये टोरांटो, टोकियो अशा ठिकाणच्या गटांनी गोठवलेल्या स्नायूचे पातळ काप घेतले, त्यांवर प्रतिपिंड आणि त्यावर चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. प्रत्येक तंतूभोवती एक उजळ कडं. दुशेनच्या मुलाच्या कापात जवळपास सगळा काळोख. आजाराचं जनुक वाहणाऱ्या काही आयांच्या कापात दोन्ही शेजारी शेजारी दिसलं, काही तंतू उजळ आणि काही विझलेले.

या आयांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. दुशेनचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो. नवरा चुलतभाऊ असो की परगावचा अनोळखी, दुशेनच्या मुलाच्या बाबतीत त्याने काही फरक पडत नाही. शिवाय सुमारे एक तृतीयांश मुलांत हा दोष नव्यानेच उद्भवलेला असतो, आईकडेही नसतो. म्हणजे सुरुवातीचं ते वाक्य दुशेनच्या घरात सरळ खोटं आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. संपली असती तर माझ्या सोयीची झाली असती.

1983 मध्ये ट्युनिसचे मेंदूविकारतज्ज्ञ मोंगी बेन हमीदा आणि पॅरिसचे मिशेल फार्दो यांनी सहकाऱ्यांसह ट्युनिशियातल्या मुलांबद्दल एक लेख लिहिला. आजार हुबेहूब दुशेनसारखा, पण मुलींनाही तितकाच होणारा. आईबाप निरोगी, आणि बरेचदा एकमेकांचे जवळचे नातलग. 1990 मध्ये या मुलांच्या स्नायूवर डिस्ट्रॉफिनचं प्रतिपिंड लावून पाहिलं. कडं जागच्या जागी होतं! हा दुशेन नव्हताच. इथे दोष आई आणि बाप दोघांकडून येतो. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. एकाच आजोबांची नातवंडं एकमेकांशी लग्न करतात तेव्हा दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते. इथे ते वाक्य अगदीच खोटं नाही, हे आपण मान्य केलं पाहिजे. आपल्याकडे असं लग्न जायज आहे, फर्ज नाही.

तोवर अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या केविन कॅम्पबेल यांच्या गटाने डिस्ट्रॉफिनला चिकटून असणारी आवरणातली प्रथिनं वेगळी काढून प्रत्येकाविरुद्ध प्रतिपिंडं बनवली होती. 1992 मध्ये त्यांनी आणि फार्दो यांच्या गटाने ती अल्जीरियातल्या अशाच मुलांच्या स्नायूवर एकेक करून लावली. इतर प्रथिनं दिसली, एक मात्र बेपत्ता. त्याला नाव देताना अरबीतला स्नायूसाठीचा शब्द घेतला, 'अधल', आणि झालं 'अधालिन'. उर्दू वाचणाऱ्यांना आणि युनानी हकीमांना हा शब्द परका नाही. आपण ज्याला 'अज़ला', 'अज़लात' म्हणतो, तोच हा. उत्तर आफ्रिकेतल्या मुलांमध्ये जे हरवलेलं सापडलं, त्याला त्यांच्या भाषेतलं नाव मिळालं, ही मला मोठी अदबीची गोष्ट वाटते.

गुन्हेगार सापडला असं सगळ्यांना वाटलं. पण 1992-93 मध्ये ट्युनिशिया आणि अल्जीरियाच्या कुटुंबांत आजाराचा माग लागला तो 13 व्या गुणसूत्रावर, आणि 1994 मध्ये अधालिनचं जनुक निघालं 17 व्यावर. त्या कुटुंबांत अधालिनच्या जनुकात दोष असणं शक्यच नव्हतं. मग अधालिन गेलं कुठे?

हदीसचा अभ्यास करणारे मुहद्दिस रावीबद्दल जे विचारत ते इथे आठवतं. माणूस सच्चा आहे, ठीक. पण त्याने स्वतः काय पाहिलं आणि त्यावरून काय धरून चाललाय? प्रतिपिंडाची गवाही खरी होती. अधालिन जागेवर नव्हतं. पण ते का नव्हतं हे प्रतिपिंडाने सांगितलंच नव्हतं, ते माणसांनी जोडलं होतं.

उलगडा 1995 मध्ये झाला. आवरणात अधालिनच्या सोबतीला आणखी प्रथिनं असतात. टोकियोच्या एइजिरो ओझावा यांच्या गटाने त्यांना 'सार्कोग्लायकन' म्हटलं. मुख्य चार, आल्फा, बीटा, गॅमा आणि डेल्टा. खाटेच्या चार पायांसारखी ती एकमेकांच्या आधाराने उभी असतात. एक मोडला की बाकीचेही जागेवर टिकत नाहीत. ट्युनिशियाच्या मुलांत मोडलेला पाय होता गॅमा. त्याच्या जनुकात फक्त एक अक्षर गळलेलं होतं, आणि उत्तर आफ्रिकेतल्या अनेक घरांत तेच एक अक्षर. अधालिन निर्दोष असूनही सोबत कोसळलं होतं. अर्थात ज्यांच्यात खुद्द अधालिनचंच जनुक बिघडलेलं आहे असे रुग्णही आहेत, युरोपातही. आजार कुणा एका कौमेचा नाही.

आज बहुतेक वेळा आधी रक्तातून जनुकाची तपासणी होते. तिथे उत्तर मिळालं नाही तर स्नायूचा तुकडा काढतात. त्याचे काप ओळीने मांडतात. डिस्ट्रॉफिनसाठी सहसा तीन प्रतिपिंडं, एक मधल्या दांड्यासाठी आणि दोन दोन टोकांसाठी, कारण काही मुलांत अर्धवट डिस्ट्रॉफिन असतं आणि एकच प्रतिपिंड फसवू शकतं. मग चार सार्कोग्लायकनांसाठी चार. शेजारी निरोगी स्नायूचा काप ठेवतात, नाहीतर काळोख आजाराचा की रंग नीट न लागल्याचा हे कळणार कसं? घरात असा रिपोर्ट असेल तर त्यात यातलं कोणतं प्रथिन नाही असं लिहिलंय ते डॉक्टरांना विचारून घ्या. पुढच्या बाळाचा, बहिणीच्या लग्नाचा, मावशीच्या मुलांचा सल्ला त्यावरच ठरतो.

त्या रिपोर्टात अधालिन हा शब्द मात्र सहसा दिसणार नाही. चौघांची एकसारखी नावं असावीत म्हणून त्याला आता आल्फा-सार्कोग्लायकन म्हणतात. अरबी नाव नव्वदच्या दशकातल्या लेखांत राहिलं.