अश्वशक्ती

शक्ती, म्हणजे कार्य होण्याचा किंवा ऊर्जा हस्तांतरित होण्याचा दर, मोजण्याचे जुने एकक. संक्षेप : एचपी. १ अश्वशक्ती = मिनिटाला ३३,००० फूट-पौंड कार्य = ७४५.७ वॉट. यंत्राने किती कार्य केले एवढ्यावरून त्याची अश्वशक्ती ठरत नाही; ते किती वेळात केले हे पाहावे लागते. १ अश्वशक्तीचा पंप ५ तासांत जेवढे पाणी चढवतो, तेवढे ५ अश्वशक्तीचा पंप तासाभरात चढवतो. उंची आणि कार्यक्षमता समान असल्यास दोघांना लागणारी वीजही सारखीच.

उगम : इंजिनाची घोड्यांशी तुलना टॉमस सेव्हरीने १७०२ मध्येच केली होती, रूढ झाला तो जेम्स वॉटचा आकडा. त्यामागे विज्ञानापेक्षा वसुलीची निकड अधिक होती. खाणींतील पंप-इंजिनांवर वॉट व त्याचा भागीदार बोल्टन वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा घेत. गिरण्यांत घोडे जुंपलेले. तेथे वाचणार कोणता कोळसा? म्हणून १७८२ च्या सुमारास वॉटने गिरणीच्या घोड्याचाच हिशेब मांडला : १२ फूट त्रिज्येचे रिंगण, तासाला १४४ फेरे, १८० पौंड ओढ. यातून मिनिटाला सुमारे ३२,५०० फूट-पौंड निघतात. पुढे ३३,००० ठरले. आकारणी अश्वशक्तीमागे वर्षाला ५ पौंड, लंडनमध्ये ६. अभियंता जॉन स्मीटनने घोड्याला मिनिटाला २२,९१६ फूट-पौंड एवढेच दिले होते. वॉटचा आकडा मुद्दाम चढा होता काय, याविषयी मतभेद आहेत. अल्पकाळ घोडा १५ अश्वशक्तीच्या जवळपास जाऊ शकतो. दिवसभराच्या कामात १ अश्वशक्तीही टिकवणे त्याला जड जाते.

कृषिपंप : महाराष्ट्रात ३, ५ व ७.५ अश्वशक्तीचे पंप सर्रास आढळतात. पाटीवरील आकडा मोटरच्या दांड्यावर मिळणाऱ्या शक्तीचा असतो. तारेतून घेतली जाणारी शक्ती त्याहून जास्त. ५ अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर ८ तास चालली, तर दांड्यावर सुमारे ३० युनिट ऊर्जा मिळते. मीटरवरील युनिट अधिक भरतात. मीटर नसलेल्या जोडण्यांचे बिल मात्र अश्वशक्तीवर बेतले जाते, म्हणजे ऊर्जेची किंमत शक्तीवरून लावली जाते. पंप किती तास चालला, याची नोंद त्यात येत नाही. २०२४ च्या मोफत वीज योजनेची मर्यादाही ७.५ अश्वशक्ती अशीच घातलेली आहे.

मेट्रिक अश्वशक्ती : सेकंदाला ७५ किलोग्रॅम-मीटर, ७३५.५ वॉट.

विद्युत अश्वशक्ती : ७४६ वॉट.