बुधवार, रात्री आठ

1957चा डिसेंबर. नगरच्या चितळे रोडवरच्या एका माडीवर तुम्ही सतरंजीवर मांडी घालून बसला आहात. अण्णांनी रेडिओची कळ फिरवली, पण आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत शांतताच. मग हिरवा डोळा उजळतो, काटा 41 मीटरवर सरकतो, खरखर, शिट्ट्या, आणि निवेदक अमीन सयानींचा आवाज. रेडिओ सिलोन लागलं!

गंमत बघा. 1952 साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार केली. विविध भारती सुरू होऊन दोनच महिने झालेत, बुधवार अजून सिलोनवरच्या सिनेगीतांच्या ‘बिनाका गीतमाले’चाच. दिल्लीनं वाट बंद केली. आभाळातली उघडीच होती.

सिलोनचं केंद्र कोलंबोत, इथून जवळपास दीड हजार किलोमीटर. लहर सरळ जाते, पृथ्वी मात्र गोल. तेव्हा आवाज इथवर पोचायलाच नको. पण बंगलोरच्या आसपास, तीनेकशे किलोमीटर उंचीवर ती वळते आणि नगरकडे उतरते. तिथं सूर्याच्या अतिनील किरणांनी अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे केलेले असतात. हाच प्लाझ्मा. दिवसा त्याचा खालचा थर लहरी गिळतो. सूर्य बुडाला की तो विरतो आणि वरच्या थराची वाट मोकळी होते. रोज तिन्हीसांजेला आपोआप पडणारं बटणच! यंदा सूर्यावर डागांची रेलचेल आहे, त्यामुळे वर इलेक्ट्रॉनही भरपूर.

मध्येच गाणं बुडतं. “अण्णा, गेलं की!” धाकटा ओरडतो. “थांब रे, येतंय,” म्हणत अण्णा पेटीला एक थाप मारतात. पेटीचा काही दोष नाही, वरचा थर हलतोय. गाणं परत येतं, श्रेय थापेला.

खिडकीतून चांदण्या दिसताहेत. त्यांचा प्रकाश त्याच प्लाझ्मातून आरपार आलाय. त्याची कंपनं रेडिओलहरीच्या काही कोटी पट वेगवान, एवढे विरळ इलेक्ट्रॉन त्याला काय अडवणार? प्रकाश वळवायचा तर प्लाझ्मा एकावर पंधरा शून्यं इतक्या पटीनं दाट हवा.

तो पाहायला आजच्या काळात या. मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, अतिप्रखर लेसरवर काम चालतं. अशा लेसरच्या झोतापुढे साधी काच धरली, तर मुख्य झोताच्या आधी येणारा क्षीण, नकोसा प्रकाश तिच्यातून निघून जातो. मुख्य झोत येऊन थडकला की पृष्ठभागाचा क्षणार्धात प्लाझ्मा होतो आणि काच आरसा बनते. झोत दुसरीकडे वळतो. नको असलेला प्रकाश असा आपसूक गाळला जातो. फक्त तेवढी जागा जळून जाते, म्हणून पुढच्या झोताआधी काच जराशी सरकवावी लागते.