कल्याणच्या खाडीत नांगर टाकताना

शीळफाटा हे नाव आज रस्त्यांच्या तिठ्याचे आहे. मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना मार्ग आणि कल्याणहून येणारा शीळ रस्ता येथे मिळतात. परंतु या तिठ्याच्या भोवतीचा प्रदेश मुळात खाड्यांचा आहे. पश्चिमेस पारसिकच्या डोंगरापलीकडे ठाण्याची खाडी, उत्तरेस दिवा-डोंबिवलीच्या अंगाने वाहणारी उल्हासची खाडी आणि कल्याण-शीळ रस्त्यालाच आडवी येणारी देसाई खाडी, अशा तीन पाण्यांच्या मध्ये हा फाटा वसलेला आहे. उल्हास नदी कल्याणपाशी भरतीच्या कक्षेत येते आणि तेथून पुढे वसईला समुद्रास मिळेपर्यंत तिच्या पात्रातील पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते, म्हणून कल्याण, भिवंडी आणि ठाणे ही गावे समुद्रकाठी नसूनही बंदरे म्हणून नांदली.

खाडीबंदराची सर्वांत मोठी सोय म्हणजे पाणी, आणि ते ठरावीक घटकाच मिळे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती म्हणजे उधाण आणि अष्टमीच्या सुमारास येणारी लहान भरती म्हणजे भांग. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढते, तर भांगाच्या दिवसांत चढ-उतार इतका कमी होतो की जड मालाचे गलबत वरच्या बंदरात नेणे अवघड होऊन बसते. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला ठोकताळा तिथीची पाऊणपट करण्याचा आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात व रोजची वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते, हा चंद्राच्या गतीचा हिशेब या साध्या गुणाकारात ढोबळमानाने उतरला आहे. मात्र तो खुल्या किनाऱ्याचा आहे, आणि वसईच्या मुखाशी आलेले पाणी कल्याणपर्यंत पोचायला लागणारा वेळ तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुख खलाशाला, त्यात मिळवावा लागे.

नौका बांधण्याची रीतही याच पाण्याने ठरवली. भरतीच्या वेळी दोर ताणून बांधला, तर ओहोटीला नौका दोरावर लोंबकळते आणि एकतर दोर तुटतो किंवा खुंटा उपटतो. दोर फार सैल सोडला, तर पाणी उलटताच ती शेजारच्या नौकेवर जाऊन आदळते. म्हणून अरुंद खाडीत नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, एक आणि मागच्या बाजूने एक असे दोन नांगर टाकणे हिताचे ठरते, कारण त्यामुळे प्रवाहाची दिशा बदलली तरी नौका गरकन फिरत नाही. ओहोटीत ती चिखलात बसते. तळ सपाट असेल तर सरळ बसते, पण पठाण, म्हणजे तळाचा मुख्य लाकडी कणा, खोल असेल तर एका कुशीवर कलते आणि तिला दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू द्यावे लागतात. मुंबईत १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक बांधून दरवाज्यांच्या आड भरतीचे पाणी अडवून ठेवण्यात आले, तेव्हा मोठ्या जहाजांची या बैठकीतून सुटका झाली. खाडीतल्या गलबतांची कधीच झाली नाही.

निसर्गाच्या या नियमांवर सत्तेने आपले नियम चढवले, आणि कल्याणच्या बाबतीत त्याचा पुरावा फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील सागरी मार्गदर्शिकेत कल्याणचा उल्लेख आहे. हे बंदर पूर्वी रीतसर व्यापाराचे ठिकाण होते, परंतु सत्ता पालटल्यावर तेथील व्यापारास अडथळा झाला आणि तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तिचा अज्ञात लेखक सांगतो. कोणी कोठे नांगर टाकावा याविषयीचा या खाडीतला हा बहुधा सर्वांत जुना लिखित निर्बंध होय. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आढळतात, त्यावरून हे बंदर त्या काळी किती संपन्न होते याची कल्पना येते.

ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि लवकरच येथे लढाऊ नौकांची बांधणी सुरू झाली. येथे भूगोलाचा पेच उभा राहिला, कारण नौका कल्याणला बांधता येत होती, पण खाडीचे मुख वसईच्या पोर्तुगीजांकडे होते. या नौका बंदरातून बाहेर पडू देऊ नयेत अशी दक्षता पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी १६५९ मध्ये घेतली, आणि बांधणीच्या कामावर असलेल्या रुई लैताव व्हिएगस या पोर्तुगीज कारागिराला व त्याच्या माणसांना फितवून काम सोडायला लावले. तरीही मराठी आरमार उभे राहिले, ही गोष्ट या अडथळ्यांच्या पार्श्वभूमीवर अधिकच मोलाची वाटते.

त्या आरमाराच्या अनुभवाचे सार रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त उतरले आहे. त्यातील आरमाराचे प्रकरण एका अर्थाने मराठीतील नौका ठेवण्याच्या नियमांचा आद्य ग्रंथच आहे. पावसाळ्यात समुद्र बंद होतो तेव्हा आरमाराची छावणी करावी, म्हणजे नौका सुरक्षित बंदरात ठेवाव्यात, पण दरवर्षी त्याच बंदरात ठेवू नयेत. खलाशांचा त्रास एकाच गावातील लोकांना पुनःपुन्हा होऊ नये, हा त्यामागचा विचार आहे. रात्री जमिनीवरून आणि पाण्यातून दोन्हीकडून गस्त ठेवण्याचाही त्यात आग्रह आहे. नौकेइतकीच काठावरच्या रयतेची चिंता वाहणारी ही दृष्टी आजच्या बंदर नियमावल्यांत शोधूनही क्वचितच सापडते.

इंग्रजी अमदानीत हा सगळा व्यवहार कायद्याच्या कलमांत बांधला गेला. १८६८ चा मुंबई तरी कायदा नदी-खाडीवरील उतारूंच्या ने-आणीसाठी, म्हणजे तरींसाठी होता; माल उतरवण्याच्या आणि धक्का वापरण्याच्या शुल्कासाठी १८८२ चा स्वतंत्र कायदा आला; आणि १९०८ च्या भारतीय बंदर कायद्याने नौकेने कोठे उभे राहावे हे ठरवण्याचा अधिकार बंदर अधिकाऱ्यास दिला. ये-जा करण्यासाठी वाट मोकळी ठेवणे, दुसऱ्याची बांधलेली नौका विनाकारण न सोडणे, तोल राखण्यासाठी तळात भरलेले दगड पात्रात न टाकणे, मनाई असलेल्या हद्दीत नौकेवर राळ न उकळणे, ही या कायद्यातील बंधने वाचताना लाकडी नौकांचे बंदर डोळ्यांपुढे उभे राहते. फटी बुजवण्यासाठी तापवलेल्या राळेची एक ठिणगी शेजारच्या दहा गलबतांना पुरे असे.

या कायद्यांची बरीचशी कलमे आली तोवर खाडीचा व्यापार ओसरू लागला होता. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत रेल्वे पोचली, आणि भरतीची वाट न पाहता माल नेणारे साधन काठावरच उभे राहिले. पुढे बंदरांच्या वाट्याला मुख्यतः रेती आली. मुंब्र्याचे रेतीबंदर हे नावच त्याची साक्ष देते. डुबी लावून, म्हणजे पाण्यात बुडी मारून बादलीने रेती काढण्याच्या जुन्या पद्धतीची जागा पंपांनी घेतल्यावर काठ आणि तळ दोन्हींची हानी झाली.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने उल्हास व वसईची खाडी यांना राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ चा दर्जा दिला, आणि खाडीकाठी पुन्हा जेट्टींची योजना आखली गेली. पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का हा बेताने सैल सोडलेल्या दोराच्याच जुन्या युक्तीचा सुधारलेला प्रकार आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर मात्र आजही शीळफाट्यावरूनच जातात, आणि एके काळी ज्या भिवंडीत माल भरतीच्या वेळेनुसार उतरत असे, तिकडे जाणाऱ्या अवजड वाहनांना आता वाहतूक पोलिसांनी नेमून दिलेल्या वेळा पाळाव्या लागतात.