वस्ती कशावर टिकते? वसई ते प्रॉक्सिमा

आजचा विषय आहे शेजारच्या मंद ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह, आणि तिथे माणूस कधी वस्ती करील का हा प्रश्न. तो मी वसईच्या इतिहासातून सांगणार आहे. कारण अशा वस्तीचं चित्र रंगवताना आपण नकळत जुनीच गोष्ट वापरतो. जहाज निघतं, किनारा दिसतो, किल्ला उभा राहतो. ही गोष्ट वसईत खरोखर घडली. म्हणून ती पुरेशी आहे का, तेही इथेच तपासता येतं.

आधी तारा बघू. 1915 साली जोहान्सबर्गला रॉबर्ट इनेस यांनी प्रॉक्सिमा सेंटॉरी शोधला. सूर्यानंतर आपल्याला सगळ्यात जवळचा तारा, 4.2 प्रकाशवर्षांवर, तरी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. अशा ताऱ्यांना लाल बटू म्हणतात. आकाशगंगेतले बहुतेक तारे याच जातीचे. शेकोटी मंद असली की जवळ सरकून बसावं लागतं, तसंच इथल्या ग्रहांचं. पण इतक्या जवळ आलं की ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याची शक्यता असते. एकीकडे न संपणारा दिवस, दुसरीकडे न संपणारी रात्र. त्या रात्रीत हवाच गोठून जमिनीवर पडेल, या भीतीने शास्त्रज्ञ बरीच वर्षं असे ग्रह मोजतच नव्हते.

1997 मध्ये मनोज जोशी, हॅबर्ली आणि रेनॉल्ड्स यांनी संगणकावर अशा ग्रहाचं हवामान चालवून पाहिलं. पृथ्वीच्या हवेच्या दाबाच्या साधारण एक-दशांश एवढा कार्बन डायॉक्साइड असला, तरी वारे उजेडाकडची ऊब अंधाराकडे नेतात आणि हवा गोठत नाही, असं त्यांना दिसलं. बाद झालेले ग्रह पुन्हा विचारात आले.

मग आलं 2016. मे महिन्यात ट्रॅपिस्ट-1 या 40 प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याभोवती तीन ग्रह सापडल्याचं जाहीर झालं. त्या शोधाच्या पडताळणीत लडाखमधल्या हानले इथल्या आपल्या हिमालयन चंद्र दुर्बिणीचाही वाटा होता. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड जेमतेम एका टक्क्याच्या आसपास कमी होतो, तेवढंच टिपायचं. ऑगस्टमध्ये प्रॉक्सिमाभोवतीही एक ग्रह मिळाला. त्याचं वर्ष 11 दिवसांचं! 2017 च्या फेब्रुवारीत ट्रॅपिस्टचे ग्रह सात झाले, आणि लगेच चित्रांमधून तिथले समुद्रकिनारे दिसायला लागले.

आता वसईकडे येऊ. डिसेंबर 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. लिस्बनहून गोव्याला यायला जहाजाला साधारण सहा महिने लागत, तेही वारा बघून. पत्राचं उत्तर यायचं तर दीड-दोन वर्षं सहज जात. 1739 च्या फेब्रुवारीत चिमाजी अप्पांनी वेढा आवळला आणि मे महिन्यात किल्ला पडला. एवढ्या अवधीत लिस्बनहून मदत येणं शक्यच नव्हतं. आशा होती ती गोव्याची, आणि त्याच सुमारास मराठ्यांच्या फौजा गोव्यातही शिरल्या होत्या.

प्रॉक्सिमाला नुसता निरोप पाठवून उत्तर यायला साडेआठ वर्षं लागतील. आणि माणूस जायचा म्हटलं तर? व्हॉयेजर-1 च्या वेगाने सुमारे 75 हजार वर्षं.

पण अंतर हा मला त्यातला सोपा भाग वाटतो. पोर्तुगीज वसईत आले तेव्हा ही जागा रिकामी नव्हती. शेजारच्या सोपाऱ्यात 1882 साली भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. म्हणजे पोर्तुगीजांच्या आधी जवळपास अठराशे वर्षं इथे गजबज होती. गोडं पाणी कुठे लागतं, पावसाचं पाणी बावखलात कसं धरायचं, खाडीत कधी जाळं टाकायचं, हे इथल्या कोळ्यांना आणि शेतकऱ्यांना ठाऊक होतं. किल्ला पोर्तुगीजांनी बांधला खरा, पण ही जागा राहण्याजोगी आधीच कोणीतरी केली होती.

प्रॉक्सिमाच्या ग्रहावर विहीर दाखवणारं कोणी भेटणार नाही. तिथे श्वास घ्यायला हवा आहे का, इथूनच सुरुवात. लाल बटू तारे वरचेवर भडकतात आणि त्या ज्वाळांनी ग्रहाची हवा उडून जाऊ शकते. 2023 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने ट्रॅपिस्टचा सगळ्यात आतला ग्रह पाहिला. दाट वातावरणाची खूण मिळाली नाही. त्याच्या पुढच्या ग्रहावरही कार्बन डायॉक्साइडचं जाड पांघरूण दिसलं नाही. हे दोघे तसेही फार तापलेले. त्यांच्या बाहेरच्या, ऊबदार पट्ट्यातल्या ग्रहांचा निकाल लागायचा आहे.

म्हणून मला वाटतं, परग्रहावरच्या वस्तीची गोष्ट जहाजाकडून सांगण्यापेक्षा बावखलाकडून सांगायला हवी. जागा राहण्याजोगी राहते ती कशामुळे, आणि ते सांभाळतं कोण? पृथ्वीवर आपण हे काम बहुतेक आयतं मिळवलंय, म्हणून त्याची किंमत आपल्या हिशोबात येत नाही. वसई-विरारमध्ये बावखलं बुजवून इमारती उभ्या राहिल्या आणि त्याच शहरात लोक टँकरची वाट बघतात.

तुमच्या आळीत बावखल होतं का? अजून आहे का? त्याचं नाव आणि आज तिथे काय आहे, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच.