निकालपत्र आणि मथळा : कॅलिफोर्निया, २००८

(थ्रेड)

२८ फेब्रुवारी २००८. लॉस एंजेलिस येथील अपील न्यायालयाने एका कुटुंबातील दोन लहान मुलांविषयी निकाल दिला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो वृत्तपत्रांपर्यंत पोहोचला, आणि दोन मुलांचा प्रश्न पाहता पाहता १,६६,००० मुलांचा झाला.

हा आकडा म्हणजे कॅलिफोर्नियात घरीच शिकणाऱ्या मुलांचा तेव्हा छापला जाणारा कमाल अंदाज. अंदाजच, कारण राज्याच्या दप्तरी अशा मुलांची वेगळी नोंद नव्हती. अध्यापनाचा परवाना नसलेल्या पालकांनी मुलांना घरी शिकवणे बेकायदा ठरले, असा बातम्यांचा सूर होता. निकालपत्रात ते होतेच. मात्र खटला त्यासाठी उभा राहिला नव्हता.

खटल्याचा उगम बाल न्यायालयात होता. वडिलांकडून शारीरिक व मानसिक छळ होत असल्याची तक्रार घरातील थोरल्या अपत्याने केली, बालकल्याण विभागाने चौकशी केली आणि प्रकरण न्यायाधीशांसमोर आले. मुले एका खासगी ख्रिस्ती शाळेच्या पटावर होती; शिकवत असे आई, घरी. धाकट्या दोघांसाठी नेमलेल्या वकिलांनी मागणी केली की त्यांना प्रत्यक्ष शाळेत पाठवावे. कारण साधे होते. शाळेत रोज कोणी परके मोठे माणूस मुलाकडे पाहते, आणि छळाचा संशय आल्यास तो कळवणे कॅलिफोर्नियात शिक्षकावर कायद्याने बंधनकारक आहे. घरचे शिक्षण निकृष्ट असल्याचे मान्य करूनही बाल न्यायालयाने ही मागणी नाकारली. घरी शिकवणे हा पालकांचा घटनादत्त हक्क आहे, असे त्याचे म्हणणे पडले. मुलांचे वकील वरच्या न्यायालयात गेले.

तेथे न्यायमूर्ती एच. वॉल्टर क्रॉस्की यांनी लिहिलेल्या निकालाने प्रश्नाचा पट एकदम रुंदावला. सक्तीच्या शिक्षणातून सूट मिळण्याचे मोजके मार्ग कायद्यात होते : पूर्णवेळ खासगी शाळा, किंवा परवानाधारक खासगी शिक्षक. घर ही शाळा नव्हे आणि आईकडे परवाना नाही, सबब सूट नाही. आधाराला १९५३ आणि १९६१ चे जुने निवाडे होते. त्यामुळे सगळा दोष वार्ताहरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. दोन मुलांच्या सुरक्षिततेपुरता निर्णय देणे शक्य असताना न्यायालयानेच राज्यभर लागू होईल असे विधान केले होते.

तरीही बातमी कोणाच्या तोंडून सांगितली गेली, हे पाहण्यासारखे आहे. बाल न्यायालयाचे कामकाज गोपनीय असते. मुले बोलू शकत नव्हती. गृहशिक्षणाच्या संघटनांकडे मात्र वकील होते, प्रवक्ते होते आणि भयभीत सभासद होते. ती भीतीही खोटी नव्हती : मुलाला शाळेत न पाठवणे हा गुन्हा ठरू शकत होता. वार्ताहराला जो भेटतो त्याची बाजू ठळक होते. छळाची तक्रार बहुधा पार्श्वभूमीच्या एखाद्या वाक्यात उरली.

पुढचे सारे वेगाने घडले. ७ मार्चला गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी निकालावर कडाडून टीका केली. न्यायालयांनी तो फिरवला नाही तर कायदा करू, असेही बजावले. राज्याचे शिक्षणप्रमुख जॅक ओकॉनेल यांनी खात्याचे धोरण बदलणार नसल्याचे जाहीर केले. २५ मार्चला त्याच न्यायालयाने पुनर्सुनावणी मान्य केली आणि पहिला निकाल आपोआप रद्द झाला. महिनाभरही तो टिकला नाही.

८ ऑगस्ट २००८ चा दुसरा निकालही क्रॉस्की यांनीच लिहिला. आपलेच मत बदलताना त्यांनी दिलेले कारण रंजक आहे. जुने निवाडे चुकीचे होते, असा त्यांचा युक्तिवाद नव्हता; दरम्यान कायदेमंडळाचा कल बदलला, असे त्यांनी दाखवले. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी सक्तीची करताना केवळ स्वतःच्याच मुलांना शिकवणाऱ्या पालकांना १९९८ मध्ये सूट देण्यात आली होती. असे पालक खासगी शाळा चालवतात हे गृहीतच नसेल, तर ती सूट कशासाठी? तपासणीच्या नियमातील एका अपवादावर गृहशिक्षणाची वैधता उभी राहिली.

मात्र निकालाला दुसरा भागही होता. पालकांचा हक्क निरपवाद नाही. न्यायालयाच्या संरक्षणाखाली आलेल्या मुलाच्या सुरक्षिततेसाठी त्यावर मर्यादा घालता येते. म्हणजे मुलांच्या वकिलांचा मूळ मुद्दा न्यायालयाने ग्राह्य धरला आणि प्रकरण फेरविचारासाठी बाल न्यायालयाकडे परत पाठवले. दुसऱ्या दिवशीच्या 'लॉस एंजेलिस टाइम्स'चा मथळा पहिल्या भागाचा होता : परवान्याविना पालक मुलांना घरी शिकवू शकतात.

कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेत गृहशिक्षणाला त्यानंतरही स्वतंत्र कलम मिळाले नाही. दर ऑक्टोबरात पालक खासगी शाळेचे प्रतिज्ञापत्र भरतात, आणि त्या वर्षापुरते त्यांचे घर कागदोपत्री शाळा ठरते.