मधमाशीपालनाचे व्हिडिओ : शोधताना आणि पुढे पाठवताना काय बघावे?

काशीमीरा : घोडबंदर रस्त्याच्या वरच्या अंगाला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला असलेल्या वस्त्यांत मधमाशी नवी नाही. आता मोबाईलवर मधपेटीचे व्हिडिओही भरपूर मिळतात. पण व्हिडिओ चांगला असला तरी तो आपल्या माशीचा आहे का, हे आधी बघावे लागते.

माशी कोणती?

आपल्या भागात मुख्यतः चार प्रकार दिसतात. सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत बसते, तीच पेटीत पाळतात. आग्या उंच झाडावर किंवा इमारतीला मोठे उघडे पोळे लावते, ती पेटीत राहत नाही. फुलोरी झुडपात लहान पोळे करते. चौथी बारीक, बिनडंखाची माशी.

पंजाब, हरियाणाकडच्या बहुतेक व्हिडिओंत मेलीफेरा ही युरोपियन माशी असते. तिची पेटी आणि चौकट मोठी. ते माप बघून सातेरीची पेटी बनवली तर पैसे वाया जातात. सातेरीला वारंवार उघडून त्रास दिला तर ती पेटी सोडून निघून जाते.

हंगाम बघा

उत्तरेत मोहरीच्या फुलोऱ्यावर थंडीत मध मिळतो. कोकणपट्टीत पावसाळ्यात माशीला फुले कमी, तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो. म्हणून व्हिडिओ कुठला आणि कोणत्या महिन्यातला, हे खालच्या माहितीत वाचावे.

शोधायचे कसे?

यूट्यूबवर नुसते 'मधमाशी' टाकू नये. 'सातेरी पेटी तपासणी', 'सातेरी पावसाळी व्यवस्थापन' असे नेमके शब्द टाकावेत. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून काम करते. तिचे नाव टाकूनही शोधता येते. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर तालुक्यातले मांघर 2022 मध्ये देशातले पहिले 'मधाचे गाव' जाहीर झाले. तिथली माशी सातेरीच, त्यामुळे तिथले व्हिडिओ कामाचे. एकच गोष्ट दोन-तीन व्हिडिओंत सारखी सांगितली असेल तरच करून बघावी.

पाठवायचे कसे?

पूर्ण व्हिडिओ पाठवला तर समोरच्याचा डेटा जातो, मोबाईल भरतो. लिंक पाठवावी. सोबत तीन गोष्टी लिहाव्यात : माशी कोणती, व्हिडिओ कुठला, कामाचा भाग कितव्या मिनिटाला. रेंज नसलेल्या पाड्यावर जायचे असेल तर वायफायवर ॲपमध्येच डाउनलोड करून ठेवावा.

हे पाठवू नका

आग्याच्या पोळ्याखाली मशाल लावून मध काढण्याचे व्हिडिओ फॉरवर्ड करू नयेत. त्यात माश्या जळतात, वणवा लागू शकतो आणि चवताळलेल्या माश्यांनी माणसे दगावू शकतात. राष्ट्रीय उद्यानातले पोळे परवानगीशिवाय काढणे हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

माशी चावलीच तर काटा नखाने खरवडून लगेच काढावा. तोंड सुजले, दम लागला, चक्कर आली किंवा एकदम खूप डंख बसले तर मोबाईलवर उपाय शोधत बसू नये. 108 ला फोन करावा आणि थेट दवाखाना गाठावा.

पहिली पेटी घेण्याआधी मात्र सातेरी पाळणाऱ्याकडे जाऊन एकदा तरी पेटी उघडताना बघावी. माश्यांचा आवाज बदलला की हात कधी आवरायचा, हे स्क्रीनवर कळत नाही.