दुसऱ्याच्या पत्त्यावर प्रेम : स्टेशनरीच्या दुकानापासून आभासी क्रमांकापर्यंत

डेटिंग अ‍ॅपवर खाते उघडताना पहिली मागणी होते ती मोबाइल क्रमांकाची. क्रमांकावर ओटीपी येतो, तो भरला की खाते ‘पडताळलेले’ ठरते. हा क्रमांक आता किरकोळ पैशांत, काही मिनिटांपुरता भाड्यानेही मिळतो. घेणाऱ्याच्या हाती त्याचे सिमकार्ड नसते आणि काम झाले की क्रमांकाशी त्याचा संबंधही उरत नाही. याला आभासी क्रमांक म्हणतात. ही युक्ती स्मार्टफोनच्या काळात जन्मली असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जोडीदार शोधताना स्वतःचा पत्ता झाकून दुसऱ्याचा पुढे करण्याची रीत किमान दोनशे वर्षे जुनी आहे, आणि आज ज्या धोक्यांची चर्चा होते ते बहुतेक सगळे १८२७-२८च्या एका इंग्रजी खटल्यात उघड झाले होते.

इंग्लंडमध्ये विवाहाची जाहिरात तोवर रुळली होती. जॉन हॉटन यांच्या शेती व व्यापारविषयक साप्ताहिकात १९ जुलै १६९५ रोजी छापलेली जाहिरात अशा सर्वांत जुन्या ज्ञात जाहिरातींपैकी एक मानली जाते. तिशीचा एक जमीनदार गृहस्थ सुमारे ३,००० पौंडांची मालमत्ता असलेली वधू शोधत होता. पत्रे कोणाच्या पत्त्यावर मागवायची, हा प्रश्न तेव्हापासूनच या व्यवहाराला चिकटलेला आहे. नाव उघड केले तर हसे होणार, आणि न केले तर विश्वास कोण ठेवणार?

नोव्हेंबर १८२७मध्ये लंडनच्या ‘मॉर्निंग हेरल्ड’मध्ये आणि पाठोपाठ ‘संडे टाइम्स’मध्ये अशीच एक जाहिरात आली. चोवीस वर्षांचा, स्वतंत्र उत्पन्न असलेला, नुकताच कौटुंबिक दुःखातून गेलेला एक सद्गृहस्थ पत्नीच्या शोधात होता. नावाच्या जागी ‘ए. झेड.’ एवढीच अक्षरे होती. पत्रे पाठवायची ती लेडनहॉल स्ट्रीटवरच्या फॉस्टर नावाच्या स्टेशनरी विक्रेत्याकडे. त्या काळी दुकानदार अशी पत्रे सांभाळून ठेवत आणि गिऱ्हाईक येऊन घेऊन जाई.

या जाहिरातीतल्या दोन अटी आजच्या वाचकाने बारकाईने पाहाव्यात. पहिली अट अशी, की पत्रावरचे टपाल पाठवणाऱ्याने आधी भरलेले असावे. १८४०ची पेनी पोस्ट येण्यापूर्वी टपालाचा खर्च सहसा पत्र घेणारा देत असे. त्यामुळे खर्च पाठवणाऱ्यावर टाकणे ही चेष्टेखोरांना गाळणारी चाळणी होती, आणि जाहिरातीत तसे कारणही दिले होते. मोबाइल क्रमांकाची अट नेमके हेच काम करते. सिमकार्डाला पैसे आणि कागदपत्रे लागतात. म्हणून एका माणसाला शंभर खाती उघडणे महाग पडते. पडताळणी म्हणजे मुळात खर्चाची भिंत, माणसाची ओळख तिच्यातून पटतेच असे नाही.

दुसरी अट अधिक बोलकी आहे. उत्तर देणाऱ्या स्त्रीने आपले खरे नाव आणि खरा पत्ता लिहावा, अशी अपेक्षा होती. जाहिरातदार स्वतः मात्र दोन अक्षरांमागे बसलेला.

हा ए. झेड. म्हणजे विल्यम कॉर्डर. सफकमधल्या पोलस्टेड गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. १८ मे १८२७ रोजी त्याने मारिया मार्टन या आपल्या प्रेयसीला लग्नासाठी इप्सविचला पळून जाण्याच्या बहाण्याने गावाबाहेरच्या ‘रेड बार्न’ नावाच्या कोठारात बोलावले, ठार मारले आणि तिथेच पुरले. नंतर तो लंडनमध्ये राहिला आणि मारियाच्या घरच्यांना पत्रांतून कळवत राहिला, की लग्न झाले असून ती आयल ऑफ वाइट बेटावर सुखात आहे. खोटे ठिकाण सांगण्यासाठी त्याला कोणत्याही तंत्राची गरज पडली नाही.

त्याच्या जाहिरातींना मिळून नव्वदहून अधिक उत्तरे आली. त्यांतून मेरी मूर या स्त्रीशी त्याची ओळख झाली, विवाह झाला, आणि दोघांनी लंडनजवळ मुलींची शाळाही चालवली. एप्रिल १८२८मध्ये कोठारात मारियाचा मृतदेह सापडला. मारियाच्या सावत्र आईला पडलेल्या स्वप्नामुळे तो सापडला ही कथा फार लोकप्रिय आहे. तिच्यावर नाटके रचली गेली, आणि या प्रकरणाची बहुतेक वर्णने तिथेच रेंगाळतात. कॉर्डरला अटक झाली आणि ११ ऑगस्ट १८२८ रोजी बरी सेंट एडमंड्स येथे फाशी देण्यात आली.

स्वप्नापेक्षा फॉस्टरचे दुकान महत्त्वाचे आहे. ‘संडे टाइम्स’मधल्या जाहिरातीला आलेली पन्नासहून अधिक पत्रे कॉर्डरने नेलीच नव्हती, ती दुकानात पडून होती. खटला गाजू लागताच फॉस्टरने ती छापून विकली. कोणी एकाकीपणाबद्दल लिहिले होते, कोणी घरातल्या अडचणींबद्दल. एका अनोळखी गृहस्थाने गुप्तता पाळावी या भरवशावर लिहिलेले ते शब्द सारे लंडन करमणूक म्हणून वाचू लागले. या स्त्रियांचा विश्वास ए. झेड.वर होता. मधल्या दुकानदाराचा विचार त्यांच्या मनात आला असण्याचे कारणच नव्हते.

पुढच्या शतकात हे मधले दुकान वृत्तपत्राच्या कचेरीतच आले. जाहिरातीला एक क्रमांक मिळे, उत्तरे त्या क्रमांकाने कचेरीत येत आणि तिथून जाहिरातदाराकडे जात. मराठी वृत्तपत्रांच्या ‘वधू पाहिजे, वर पाहिजे’ या रकान्यांतला ‘बॉक्स नंबर’ हाच. मुलगी किती दिवस ‘जाहिरातीत’ आहे हे शेजारापाजाऱ्यांना कळू नये आणि नकार द्यायचा तर तो निनावी राहावा, एवढी सोय त्यातून होत असे. ही सोय क्षुल्लक नव्हती. मुलीच्या घरचा पत्ता गावभर होणे ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती, आणि आजही नाही.

ज्यांचे प्रेमच गुन्हा होते, त्यांना या क्रमांकाची गरज सर्वाधिक होती. आल्फ्रेड बॅरेट यांनी १९१५मध्ये लंडनमध्ये एकाकी लोकांच्या ओळखींसाठी मासिक काढले. ते पुढे ‘द लिंक’ या नावाने चालले. सूचक शब्दांत लिहिलेल्या जाहिरातींतून समलिंगी पुरुषही त्यात एकमेकांना शोधू लागले. पत्रे पोलिसांच्या हाती लागली. १९२१मध्ये ओल्ड बेली न्यायालयाने बॅरेट आणि अन्य तिघा पुरुषांना सार्वजनिक नीतिमत्ता बिघडवण्याच्या कटासाठी प्रत्येकी दोन वर्षांची सक्तमजुरी सुनावली. त्याच दशकात फ्रान्समध्ये आंरी लांद्रू विवाहाच्या जाहिराती देऊन, वेगवेगळी नावे धारण करून, विधवांना जाळ्यात ओढत होता. त्याच्या वहीत २८३ स्त्रियांशी झालेल्या संपर्काच्या नोंदी सापडल्या. दहा स्त्रिया आणि एका मुलाच्या खुनासाठी २५ फेब्रुवारी १९२२ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. पडद्यामागे लपण्याची सोय ‘द लिंक’च्या वाचकांना आणि लांद्रूला सारखीच मिळाली होती. पडदा हटवा अशी मागणी लांद्रूंकडे बोट दाखवून होते, आणि तो हटला की आधी उघडे पडतात ते दुसरेच.

डिसेंबर १९९२मध्ये पहिला एसएमएस पाठवला गेला, तेव्हा तो कोणाची ओळख पटवण्याच्या कामी येईल असे कोणाच्या ध्यानीमनीही नसावे. क्रमांक म्हणजे संपर्काचा मार्ग, इतकेच. आज भारतात तो माणसाचा दाखला बनला आहे. एखाद्याचा क्रमांक यूपीआय अ‍ॅपमध्ये टाकला, की बँकेत नोंदवलेले नाव दिसते. व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र दिसू शकते. ट्रूकॉलर आडनाव सांगतो. डेटिंग अ‍ॅपवरच्या पहिल्याच भेटीनंतर पाठलाग सुरू होईल अशी धास्ती असलेल्या मुलीने दुसरा क्रमांक वापरावा, यात संशयास्पद काही नाही. ती बॉक्स नंबरच मागत आहे.

तंत्र सोपे आहे. एखादी कंपनी क्रमांकांचे गठ्ठे घेते; त्यांवर आलेले संदेश फोनऐवजी सर्व्हरवर उतरतात आणि तिथून गिऱ्हाइकाला दाखवले जातात. काही फुकट संकेतस्थळांवर ते कोणालाही वाचता येतात, म्हणजे फॉस्टरचे दुकान चोवीस तास उघडे. अ‍ॅप कंपन्या इंटरनेटवरून चालणाऱ्या क्रमांकांच्या मालिका ओळखून नाकारू लागल्या, तेव्हा विक्रेत्यांनी खऱ्या सिमकार्डांचे साठे उभे केले. गूगलच्या संशोधकांनी २०१४मध्ये अशा ‘फोनने पडताळलेल्या’ खात्यांच्या काळ्या बाजाराचा अभ्यास केला. स्वस्त इंटरनेट क्रमांक रोखले की खात्यांचे भाव चढतात, असे त्यांना दिसले. भिंत उंच होते, पण बाजार बंद होत नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे २०२२मध्ये सुमारे ७०,००० लोकांनी प्रेमाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीच्या तक्रारी केल्या आणि नुकसानीचा आकडा १३० कोटी डॉलरवर गेला. भारताच्या २०२३च्या दूरसंचार कायद्यात तोतयेगिरी करून सिमकार्ड मिळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. कायद्याचा रोख कॉर्डरवर आहे हे उघड आहे. फॉस्टरबद्दल मात्र अजून फारसे कोणी बोलत नाही.

भाड्याचा क्रमांक परत जातो, तेव्हा तो रिकामा नसतो. ज्या खात्याची पडताळणी त्यावर झाली, त्या खात्याचा ओटीपी पुढेही त्याच क्रमांकावर जातो, आणि आता तो क्रमांक दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे असतो. साध्या सिमकार्डांनाही हा धोका चुकलेला नाही, कारण बंद पडलेले क्रमांक काही काळाने नव्या माणसाला दिले जातात. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१मध्ये अमेरिकेतले असे पुन्हा वाटपासाठी आलेले २५९ क्रमांक तपासले. त्यांपैकी १७१ क्रमांक आधीच्या मालकांच्या कुठल्या ना कुठल्या खात्यांना अजून जोडलेले होते.